आसाराममामाला ऐकू येत नव्हतं

१

पिंगळीच्या टपाल कार्यालयातून थैली घ्यायची, हँडलला उजवीकडं अडकवायची, पदर कमरेला खोचायचा आणि निघायचं. अकरा वर्षं माझं हेच चाललंय. ग्रामीण डाक सेविका राजेश्री म्हणजे मी. गावात मला कुणी या नावानं हाक मारत नाही, टपालवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

रेल्वेचं फाटक ओलांडलं की कालव्याचा रस्ता लागतो. डावीकडं कालवा, उजवीकडं लोकांची हळद आणि तूर. गाव चार किलोमीटरवर. गावाच्या अलीकडं कालव्यावर एक बुटका पूल आहे, त्याला दोन्ही बाजूंनी गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा. त्या पुलाच्या आसपास मला रोज साडेदहाला आसाराममामा दिसायचा. सत्तरी उलटलेला काटक गडी. पहाटे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जाऊन बैलांचं बघायचा आणि या वेळेला जेवायला घरी निघालेला असायचा. रस्त्याच्या बरोब्बर मधून चालायचा. रस्ता सरकारचा आणि मध्य त्याच्या बापाचा.

त्याला ऐकू येत नाही हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी मागून आवाज द्यायची, पुन्हा द्यायची, घसा बसायचा. चाक टाचेशी आलं की कुठं हा बाजूला व्हायचा, तोही मागं वळून न बघता. मला वाटायचं, पायाखालच्या जमिनीला हादरा बसत असेल, त्यानं त्याला कळत असेल.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मंगळवार होता. माझ्या हँडलचं टोक मामाच्या कोपराला लागलं. तो तिरपा झाला, तसाच दोन पावलं गेला आणि कट्ट्यावर डोक्यानं पडला. सायकल पडली नाही. मी पडले नाही. थैलीतलं एक पाकीट हललं नाही. मामाच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ आली, एवढंच. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं.

आसाराममामा माझ्या सायकलनं मेला. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. ऐकून घेणारं कुणी नव्हतं, हा काही माझा दोष नाही.

२

पहिला आला तो आबासाहेब, आमच्या गावचा पोलीस पाटील. मोटारसायकलवरून पिंगळीला निघाला होता. त्यानं मामाची नाडी बघितली, माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

"कुणी पाह्यलं का?"

"मी पाहिलं. माझीच सायकल लागली."

"तसं न्हाई बाई. दुसरं कुणी?"

दुसरं कुणी नव्हतं. त्यानं फोन लावला. मामाचा मुलगा रामप्रसाद टेम्पो घेऊन आला आणि बापाला बघून मटकन खाली बसला. रडला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण डोळे पुसून तो आधी जे बोलला ते माझ्याबद्दल नव्हतंच.

"बाचं मढं चिरू देणार न्हाई म्या. मागल्या साली चुलत्याला चिरलं, पोतं शिवल्यावानी शिवून दिलं. आमची माय ते बगून आठ दिस जेवली न्हाई."

"चिरायचं कामच न्हाई," आबासाहेब म्हणाला. "म्हातारा घरी गेला. सकाळी च्या पिला, आडवा झाला, तो झालाच. वय झालं व्हतं."

"आणि माझी सायकल?"

"ओ बाई, सायकलनं कुठं माणूस मरतंय का? ट्रक आसता तर गोष्ट येगळी. लोक हसतील. तुमी खामखा मधी पडू नगा. जावा, टपाल वाटा."

आणि मी गेले. मांडीवरचा डाग निऱ्यांत दडवला, नऊ पाकिटं आणि एक मनिऑर्डर वाटली, सह्या घेतल्या. याची लाज मला आजही वाटते.

दुपारी दोनच्या आत मामाला अग्नी दिला. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिलं, वृद्धापकाळाने, राहत्या घरी. आबासाहेबानं मला मुद्दाम येऊन सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. मी म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्यानं हात जोडले आणि गेला.

३

चौथ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या घरी एक पाकीट द्यायचं होतं. मामाच्या दारावरूनच वाट. दार उघडं. दारातून सरळ दिसतं, समोरच्या भिंतीशी दिवा आणि दिव्याशेजारी गोजरबाई, मामाची बायको. माणूस जिथं जातो तिथं दिवा लावायचा अशी आमच्याकडची रीत. यांनी तो घरात लावला होता, वहीत लिहिलं होतं त्याला धरून. मला त्या दिव्याचाच राग आला.

तेवढ्यात आत घंटी वाजली.

मी थांबले. सुतकाचं घर. देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं मला बाहेरून दिसत होतं. दहा दिवस देवाला हात लावत नाहीत, घंटीचं तर नावच नको. आणि ही देवाची घंटी नव्हतीच. ट्रिंग ट्रिंग, अशी दोनदा. सायकलची.

गोजरबाईनं मान वर केली नाही. बसल्या जागी ती थोडी डावीकडं सरकली. मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी, ओंजळभर जागा सोडून. मग लुगड्याचा काठ आवरून घेतला.

सून शिवकन्या अंगणात भांडी घासत होती.

"शिवकन्या, सायकल कुणाची गं आत?"

"आमच्या घरी सायकल न्हाई, ताई."

"आत्ता घंटी वाजली ना."

तिनं राखेचे हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. "सुतकात कशाची घंटी? तुमी बसा जरा. पाणी देऊ का?"

पाणी नको म्हटलं. शेजारी पाकीट दिलं. येताना मी डोकं चालवलं. कुल्फीवाला घंटी वाजवतो. मोबाईलला हल्ली कसलेही आवाज असतात. गोजरबाईच्या पायाला मुंग्या आल्या असतील, म्हणून सरकली. तिन्ही कारणं धडधाकट होती. नोव्हेंबरात कुल्फीवाला येत नाही, हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

रात्रभर विचार केला असं मी सांगणार नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठल्यावर मी ठरवलं की हे प्रकरण पोलिसांच्या वहीत नीट लिहून घ्यायचं. त्या म्हाताऱ्याला त्याचं मरण परत द्यायचं आणि मला माझा गुन्हा.

४

पिंगळीच्या ठाण्यातल्या जमादारानं मला बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं.

"मढं कुठंय?"

"जाळलं."

"पंचनामा?"

"नाही झाला."

"तक्रार कुणाची?"

"माझी."

"कुणावर?"

"माझ्यावर."

तो हसला नाही. त्याबद्दल मी त्याला मानते. त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, कायदा हाय, न्हाई असं न्हाई. निष्काळजीपणानं माणूस मेला तर कलम एकशे सहा. ते सायकलवाल्याला बी लागतं आन् गच्चीवरून वीट पाडणाऱ्याला बी लागतं. पर निस्ती धडक बसली म्हंजी गुन्हा झाला असं नसतंय. तुमची चूक दिसाया पायजे. म्हातारा मधून चालत व्हता?"

"हो."

"बहिरा?"

"हो."

"तुमी जोरात व्हतात?"

"रोजच्यासारखीच."

"घंटी वाजवली व्हती?"

पंखा फिरत होता. त्याच्या टेबलावरच्या कागदांवर एक दगड ठेवलेला होता. मी त्या दगडाकडं बघितलं.

"वाजवली होती," मी म्हटलं.

"मग? तुमी घंटी वाजवली, त्याला ऐकू आली न्हाई, तो सरकला न्हाई. त्याच्या घरच्यांची तक्रार न्हाई. आता मी काय लिवू? देवाची मर्जी लिवू?"

बाहेर आवारात घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. दोनदा.

"बाहेर कोण आहे?"

"कुणी न्हाई. कामून?"

मी उठून बाहेर गेले. आवाराच्या कोपऱ्यात जप्त केलेल्या गाड्यांचा ढीग होता, त्यातून गवत वर आलेलं. मोटारसायकली, एक रिक्षा, आणि सगळ्यांच्या खाली एक सायकल. मी गवत बाजूला करून तिचं हँडल बघितलं. त्यावर घंटी नव्हती. घंटी बसवायची गंजकी पट्टी तेवढी होती.

जमादार दारात उभा होता. "घरी जावा बाई," तो हळू बोलला. "लय मनाला लावून घेतलं तुमी."

मनाला लावून घेतलं म्हणे! मी काय छातीत कळ घेऊन आलेली बाई होते? मी गुन्हा कबूल करायला आले होते. सायकलवर बसले आणि निघाले, त्याच्याकडं न बघता.

५

आता इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगते. माझ्या सायकलला संक्रांतीपासून घंटी नव्हती.

वरची वाटी निघून पडली ती पडलीच. दहा महिने मी तोंडानं काम भागवत होते. "सरका हो", "ओ दादा", "ओ मामा, सरका". माझा आवाज काही कमी नाही. लोक हसायचे आणि सरकायचे.

त्या मंगळवारी मी तोंडही उघडलं नाही.

आदल्या दिवशी पारावर आठ-दहा माणसं बसली होती. मी पत्रं वाटत होते आणि आसाराममामा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "हिला समद्यांचं समदं ठाऊक आसतंय. पाकिटं फोडून वाचती ही." लोक खो-खो हसले. अकरा वर्षांत मी कुणाच्या पोस्टकार्डावरची ओळसुद्धा वाचलेली नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिथं मी काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, तिथंच निवलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मधून चालताना दिसला. मनात म्हटलं, आज नाही ओरडत. अगदी जवळून जाऊ दे, दचकू दे म्हाताऱ्याला. मी पायडल मारणं थांबवलं नाही. हँडल एक वीत डावीकडं घेता येत होतं. घेतलं नाही.

हे एवढंच. दचकवायचं होतं. मारायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि तरी मी मनाशी भांडत होते, कारण माझ्याकडं एक पक्का खुंटा होता. त्याला ऐकू येत नव्हतं! ज्याला ऐकू येत नाही त्याला हाक मारली काय आणि नाही मारली काय. घंटी असती तरी तो मेलाच असता. मग मी जमादाराला खोटं बोलले त्यानं काय फरक पडला? कागदावरचा एक शब्द. धडक मी कबूल करत होते ना? मग आणखी काय पाहिजे होतं कुणाला?

आठव्या दिवशी मी फाटकाजवळच्या दुकानातून नवी घंटी बसवून घेतली. दुकानदारानं तीनदा वाजवून दाखवली. खणखणीत. थैली अडकवली आणि निघाले.

ऊन चांगलं तापलं होतं. पूल दिसायला लागला. रस्ता रिकामा. उगाच म्हणून मी अंगठ्यानं घंटी दाबली.

खटका हलला. आवाज आला नाही.

पुन्हा दाबली. बोटाला आतल्या चाकांची कुरकुर जाणवली, पण आवाज नाही. आणि मग, श्वासभर थांबून, पुलावरून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग. पुलावर कुणी नव्हतं. कट्ट्यावर ऊन होतं फक्त.

मी तिसऱ्यांदा दाबली. आवाज पुन्हा आला, या वेळी अलीकडून. मग मी हात काढून घेतला. न दाबताच आला, माझ्या पुढच्या चाकाच्या अलीकडं पलीकडं कुठंतरी, कमरेच्या उंचीवर. काटक माणसाचं कोपर असतं त्या उंचीवर.

लपवत नाही, भ्याले मी. पण मला भीती वाटली की राग येतो, लहानपणापासून असंच आहे.

"तुला ऐकू येत नव्हतं!" मी भर रस्त्यात ओरडले. "जिवंतपणी ऐकू येत नव्हतं, आता कशाला वाजवत बसलास? काय म्हणायचंय ते तोंडानं म्हण!"

मी पायडल मारत पुलावरून गेले, उतरले नाही. घरी अंगणात येऊन घंटी दाबली तर लख्ख वाजली.

६

तेराव्याला सगळं गाव जेवायला होतं. अंगणात पंगत बसलेली, रामप्रसाद बुंदी वाढत होता. मला कुणी बोलावलं नव्हतं असं नाही. सगळ्यांना बोलावतात तसंच मलाही होतं. पत्रावळीसमोर मी बसले आणि माझा हात काही घासाकडं जाईना. ज्याच्या मरणाचं जेवण, त्याला मी मारलं, आणि आता मी त्याची बुंदी खाणार. मी उठले.

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

आबासाहेब पलीकडच्या रांगेत होता. "बाई, जेवून घ्या आधी. माणसं जेवायलीत."

"जेवू देत. कान मोकळे असतात जेवताना." मी गोजरबाईकडं वळले. ती ओसरीवर खांबाला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. "मामी, मामा घरी गेले नाहीत. पुलावर गेले. माझ्या सायकलनं. तुम्हाला हे सांगितलंय की नाही, मला माहीत नाही."

"ठाऊक हाय," गोजरबाई म्हणाली. "बाज रिकामी व्हती. मी काय आंधळी हाय?"

रामप्रसादच्या हातातली परात तिथंच थांबली.

"पुढचं ठाऊक नाही तुम्हाला. माझ्या सायकलला घंटी नव्हती. पोलिसाला मी होती म्हणून सांगितलं, ते खोटं. आणि त्या दिवशी मी हाक मारली नाही. मुद्दाम. आदल्या दिवशी ते मला पारावर बोलले, त्याचा राग होता. दचकवायला म्हणून जवळून गेले." माझा आवाज चढत होता, मला कळत होतं, पण आवरत नव्हता. "त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून हाकेनं काही झालं नसतं, हे मी रोज स्वतःला सांगते. पण मारली नाही ती नाहीच."

पंगतीत कुणाचा घास हलेना. मग गोजरबाईनं जे विचारलं ते मला आधी समजलंच नाही.

"ऐकू येत न्हाई आसं कोन म्हनलं तुमाला?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव म्हनतंय." ती किंचित हसली असं मला वाटलं. हसली नसेलही. "पोराचं, सुनंचं ऐकायचं नसलं की त्यांला ऐकू येत नव्हतं. माजं कुजबुजनं बी ऐकायचे. बैल आखाड्यावर घुंगरं हालवायचा तर इतं उठून बसायचे."

"मग रस्त्यात... मी रोज ओरडायचे..."

"तेच तर." गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "तुमच्या हाकेची वाट बगायचे ते. घरी आल्यावर मला सांगायचे, टपालवाली आज तीनदा वरडली. आज चारदा. लय मजा वाटायची त्यांला. मी म्हनायची, आवो कशाला त्या बाईला छळताव? तर म्हनायचे, ती वरडली की मी सरकतोच की. न वरडता जाईल व्हय ती?"

मी पत्रावळीच्या कडेला बसले. इतके दिवस ज्या खुंट्याला धरून मी उभी होते तो या बाईनं सहज उपटून हातात दिला. त्या मंगळवारी तो माझी सायकल ऐकत होता. साखळीचा आवाज ओळखत होता. माझी हाक येणार म्हणून मजेत चालला होता.

मी रडले. गावासमोर मी कधी रडले नव्हते.

"झालं गेलं," आबासाहेब उठून म्हणाला. "बाईनं मन मोकळं केलं, आता पुरे. रामप्रसाद, वाढ पुढं."

"थांबा," गोजरबाई म्हणाली. ती खांबाला धरून उभी राहिली. "रामप्रसाद, गाडी काढ. ठान्यात जायचंय."

"माय, आता काय उपेग? मढं जळलं."

"मढं जळलं. माजं तोंड न्हाई जळलं. मानूस रस्त्यात मेला आन् तुमी त्याला बाजंवर मारलं. मला न इचारता. ह्या बाईनं कबूल केलंय, तर तिचं तिला भोगू द्या. आन् तुमचं तुमी भोगा."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी बी चला. जशा आल्या व्हत्या तशाच सायकल घिऊन."

मी वर मान करून म्हटलं, चला.

७

जमादाराला दोन तास लागले. नवी घंटी मी पाना मागून घेऊन स्वतः काढली आणि टेबलावर ठेवली. घंटी नव्हती असं लिहिलं, हाक मुद्दाम दिली नाही असं लिहिलं. गोजरबाईनं अंगठा दिला, मी सही केली. आबासाहेबाचं नाव आलं, रामप्रसादचंही आलं. रामप्रसाद भिंतीकडं बघत होता. सायकल जप्त झाली. एका शिपायानं ती नेऊन त्या गवतातल्या ढिगाला साखळीनं बांधली आणि कुलूप घातलं, मी डोळ्यांनी बघितलं.

"अटक?" मी विचारलं.

"नोटीस यील. तपास व्हईल. कोर्ट काय म्हनंल ते म्हनंल. पळून जानार हाव का?"

"मी कुठं पळतेय?"

गोजरबाई मुलाच्या मागं गाडीवर बसून गेली. मला बस म्हणाली नाही, मीही थांबले नाही. मी पायीच निघाले. नोकरी जाणार हे दिसत होतं. तुरुंगही होईल कदाचित. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. आता माझ्याकडं कुणाचं काही राहिलं नव्हतं, असं मला वाटलं.

फाटक ओलांडून कालव्याच्या रस्त्याला लागले. चार वाजून गेले होते, ऊन पाठीवर होतं, माझी सावली पुढं लांब पडलेली. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. मी कडेनं चालत होते, मग केव्हातरी मधे आले. मधला रस्ता गुळगुळीत असतो, पायाला बरा लागतो. मामाचं बरोबर होतं.

पूल दिसायला लागला तेव्हा मागून आवाज आला.

घंटी नाही. खडी चाकाखाली दबते तो आवाज. आणि साखळी. माझी साखळी एका जागी सैल आहे, पायडलच्या दर फेरीला एकदा टक् म्हणते. अकरा वर्षं तो टक् माझ्या पायाखाली वाजलाय. मी तो ओळखणार नाही?

माझी सायकल ठाण्यात कुलपात होती.

टक्. जरा जवळ. टक्. वेग रोजच्यासारखाच, ना कमी ना जास्त.

मागं वळून बघायचं होतं. मान वळेना. तेव्हा पुढं, माझ्या सावलीच्या डाव्या अंगाला, दुसरी सावली सरकत आली. आधी हँडलचं टोक. मग त्याला अडकवलेली थैली. मग वर बसलेलं माणूस, बाई, पदर कमरेला खोचलेला. ती पायडल मारत होती. मान ताठ होती. तोंड घट्ट मिटलेलं असणार, हे सावलीत दिसत नाही, पण मला दिसलं.

कडेला होता आलं असतं. तीन पावलांचं काम.

मी झाले नाही. मामा इतकी वर्षं इथूनच चालला, या भरवशावर की मागची बाई आपल्याला हाक मारील. तो भरवसा धरणं हा काही गुन्हा नव्हता. मग तो मीही धरणार. सरकायचं असेल तर तिनं सरकावं. ओरडायचं असेल तर तिनं ओरडावं. तिला घसा आहे, आवाज आहे, मला पक्कं माहीत आहे.

टक्. हँडलच्या टोकाची सावली माझ्या कोपराच्या सावलीला लागायला वीतभर राहिली होती.

पुलाचा कट्टा आला. मी कान देऊन चालत होते. ती हाक मारणार नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी रस्त्याच्या मधूनच चालत राहिले.